उतरवलेली इंजिने : यवतमाळच्या मिस्त्रींचा अलिखित इतिहास

महाराष्ट्रातील मुसलमानांचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आपोआप बहमनी, आदिलशाही, निजामशाहीकडे वळते. तिथून ती सुफी संतांच्या दर्ग्यांपाशी थोडी थांबते आणि मग एकदम फाळणीवर येऊन पोहोचते. या सगळ्या काळात हा समाज पोट कशावर भरत होता, सकाळी उठून कोणत्या कामाला जात होता, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांनी हयातभर एक गोष्ट पुन्हा पुन्हा मांडली. इथला बहुसंख्य मुसलमान हा याच मातीतला, कारागीर आणि बलुतेदार जातींतून आलेला माणूस आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे प्रश्न कळणार नाहीत. पिंजारी, शिकलगार, लोहार, आतार, तांबोळी यांच्याविषयी त्यानंतर काही लिहिले गेले. पण विसाव्या शतकाने जे नवे कारागीर घडवले त्यांची नोंद कुठल्याच जातिकोशात नाही. मोटार मिस्त्री हा त्यांतला पहिला.

म्हणून आम्ही या लेखासाठी एक अगदी लहान विषय निवडला आहे : जुन्या पिकअप गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स खाली उतरवणे. वार्षिकांकात हे कसले इतिहासलेखन, असे एखाद्या वाचकाला वाटेल. आमची विनंती एवढीच की यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड, वणी, पांढरकवडा यांपैकी कुठल्याही गावच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात त्यांनी घटकाभर बसावे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत सरकार, शेती आणि मुसलमान यांचा एकमेकांशी जो व्यवहार झाला त्यातला बराचसा त्या काळ्या तेलकट जमिनीवर झाला आहे.

आधी मुलूख समजून घेऊ. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०२ मध्ये त्याचा कायमचा भाडेपट्टा झाला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला त्या वेळी वणीच्या नावाने ओळखत. १९०५ मध्ये दारव्हा आणि पुसद जोडले गेले आणि जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. पीक एकच, कापूस. कापसासाठीच मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाईन टाकली गेली. लोक तिला प्रेमाने 'शकुंतला' म्हणत. कापसामुळे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, कारखान्यांबरोबर बॉयलर आणि ऑइल इंजिने आली, आणि इंजिने आली तशी ती खोलणारी, घासणारी, पुन्हा बांधणारी माणसे लागू लागली. धनुकलीवर कापूस पिंजणाऱ्याचा धंदा यंत्राने खाल्ला हे आपण नेहमी ऐकतो. त्याच यंत्राला तेल द्यायला, पट्टा चढवायला, बेअरिंग बदलायला कोण उभे राहिले, हे कोणी विचारत नाही. ज्यांच्या घरात शेती नव्हती आणि नोकरीची चिठ्ठी देणारा मामा नव्हता ती पोरे तिथे उभी राहिली. त्यांत मुसलमान पुष्कळ होते. जिनातला फिटर हा मोटार मिस्त्रीचा आजा म्हणायला हरकत नाही.

ब्रॉडगेज मात्र विसाव्या शतकभर यवतमाळ शहरात आली नाही. म्हणजे माल आणि माणूस दोघांनाही रस्त्याशिवाय वाट नव्हती.

दुसरे महायुद्ध संपले आणि लष्कराच्या शिल्लक गाड्या विक्रीला निघाल्या. 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. त्यात विलिस आणि फोर्डच्या जीपा होत्या, डॉज होत्या, शेवरलेचे ट्रक होते. त्याच सुमारास, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. पूर्वी ते निजामाच्या हैदराबादेत अर्थखात्याचे काम पाहत. १९४७ मध्ये ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' गेला आणि तिथे दुसरा 'महिंद्र' आला. हा किस्सा आपल्याकडे चवीने सांगितला जातो आणि सांगणारा शेवटी हटकून उसासा टाकतो. आम्हाला त्या उसाशात फार अर्थ दिसत नाही. पाटीवरून एक श्रीमंत मोहम्मद गेला खरा. पण त्या कंपनीच्या जीपा पुढे पन्नास-साठ वर्षे चालत्या ठेवणारे हजारो गरीब मोहम्मद गाडीखाली पोत्यावर आडवे पडले होते, ते कुठेही गेले नाहीत.

मुंबईत माझगावला जुळवलेली ही जीप आमच्या जिल्ह्यात पोहोचली ती मुख्यत्वे सरकारमार्फत. १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम आला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप आली. १९५३ मध्ये हिवताप नियंत्रण सुरू झाले आणि आरोग्य खात्याची जीप आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. पुढच्याच वर्षी पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत राहिले. कृषी, पाटबंधारे, कुटुंबनियोजन, सगळ्या खात्यांच्या जीपा पैनगंगेपासून वर्धा नदीपर्यंत धुरळा उडवू लागल्या. काळ्या जमिनीच्या पावसाळी चिखलातून दुसरी गाडी जात नव्हती, हेही खरे.

सरकारी गाडीचे आयुष्य सरकारी कागदावर संपते. कागदावर तिला 'निर्लेखित' म्हणतात, लोक 'कंडम' म्हणतात. मग तिचा हर्रास होतो. हर्रास हा शब्द आमच्या वऱ्हाडी मराठीत अजून जिवंत आहे. हैदराबादी उर्दूत तोच 'हर्राज' होतो. तहसीलच्या किंवा पंचायत समितीच्या आवारात बाभळीखाली टायर बसलेल्या जीपा ओळीने उभ्या असत. बोली लावायला कापसाचा व्यापारी, एखादा पाटील, एखादा वीटभट्टीवाला येई. आणि प्रत्येकाबरोबर एक मिस्त्री असे. बोली पैसेवाल्याची, पण नजर मिस्त्रीची. डिपस्टिक काढून तेल बोटावर चोळायचे, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का पाहायचे, पंख्याला धरून इंजिन हाताने फिरते का बघायचे, चेसिसला कुठे वेल्डिंग आहे का चाचपायचे. एवढ्यावर तो हळूच मान हलवी किंवा हलवत नसे. सौदा त्या मानेवर ठरत असे.

हर्रासातून आणलेली जीप सहसा जीप राहत नसे. मागचा पत्रा कापून, चेसिसला तुकडा जोडून तिथे लाकडी डाला बसवला की ती पिकअप झाली. कारखान्यातून आलेल्या पिकअपही होत्या. १९६५ पासून महिंद्राने एफसी १५० नावाची, नाकाड नसलेली छोटी मालगाडी काढली होती. पण आमच्या भागातल्या कित्येक पिकअप गॅरेजातच जन्मलेल्या. एका गाडीवर किती हात लागत ते पाहा. डाल्याचे काम सुताराचे, पट्ट्यांचे लोहाराचे, पत्रा ठोकणारा वेगळा, रंगारी वेगळा, वायरिंगवाला वेगळा, सीट शिवणारा वेगळा. त्यांत हिंदू होते, बौद्ध होते, मुसलमान होते. इंजिन मात्र बहुतेक ठिकाणी मुसलमान मिस्त्रीकडे. गाडीचा मालक त्याला 'मिस्त्री' नाहीतर 'चाचा' म्हणणार, आणि चाचा मालकाला 'पाटील' नाहीतर 'भाऊ' म्हणणार. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे'वरून आला. उस्ताद फारसीतून आला. हाताखालच्या पोराला मात्र अस्सल वऱ्हाडी 'पोट्टा'. तिन्ही शब्द एकाच छपराखाली सुखाने नांदत.

आता इंजिन उतरवायचे कारण. या गाड्यांची मूळ इंजिने पेट्रोलची. विलिसचे चार सिलिंडरचे 'हरिकेन' इंजिन, सुमारे २२०० सीसीचे. सरकारी टाकीतून पेट्रोल येत होते तोवर ते किती पिते हे कोणी पाहिले नाही. खाजगी माणसाला ते परवडेना. त्यातच १९७३ च्या अखेरीस अरब-इस्राएल युद्ध पेटले आणि जगाच्या बाजारात कच्चे तेल काही महिन्यांत जवळजवळ चौपट महागले. आपल्याकडे डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवण्याचे सरकारी धोरण होते. गणित कोणालाही समजण्यासारखे होते. पेट्रोल इंजिन उतरवा, डिझेल चढवा. टेल्कोने १९५४ पासून मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक काढल्यामुळे डिझेलचा पंप-नोझल म्हणजे काय हे मिस्त्रींना तोवर अवगत झाले होते. कुठून तरी मोडीत निघालेल्या मॅटाडोरचे इंजिन यायचे. पुढे महिंद्रानेच ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपला बसवले. आणि १९७९ मध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीशी करार केल्यावर तिचे डिझेल इंजिन इकडे बनू लागले, तेही काही वर्षांनी जुन्या बाजारात मिळू लागले. सुट्या भागांसाठी कोणी नागपूरला जाई, कोणी मुंबईच्या कुर्ल्याला, कोणी सिकंदराबादच्या राणीगंजला.

इंजिन उतरवणे हे सगळ्या गॅरेजचे काम असे. त्या दिवशी बाकीच्या गाड्या बाजूला.

आदल्या संध्याकाळीच गाडी सपाट जागेवर लावून चाकांना दगड लावून ठेवत. सकाळी आधी बॅटरी काढायची. तार उघडी राहून ठिणगी पडली आणि खाली पेट्रोल सांडलेले असले तर काय होते ते सर्वांना माहीत. मग रेडिएटरचे पाणी, इंजिनचे आणि गिअरचे तेल खाली डब्यात. तेल फेकत नसत. ते छिन्नी-पाट्यांना आणि पावसाळ्यात लाकडी डाल्याला लावायला ठेवत. बोनेटचे बिजागरे काढून बोनेट भिंतीला टेकवायचे. रेडिएटर, त्याच्या पुढची जाळी, पंखा. मग एकेक जोडणी तोडायची : पेट्रोलची नळी, चोकची तार, ॲक्सिलेटरची दांडी, तेलाच्या काट्याकडे जाणारी बारीक तांब्याची नळी, सेल्फ, डायनामो, सायलेन्सरचा पाइप. सायलेन्सरचे नट गंजून एकजीव झालेले असत. त्यांच्यावर रॉकेल टाकून दोन तास वाट पाहायची, नाहीतर छिन्नीने कापायचे. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात. वनस्पती तुपाचे रिकामे डबे यासाठी जपून ठेवलेले असत आणि कुठला डबा कशाचा हे पोट्ट्याने तोंडपाठ ठेवायचे.

याच वेळी दुसरा माणूस खालून भिडलेला असे. ज्या गॅरेजात खड्डा होता ते श्रीमंत. बाकीच्यांचा माणूस पोते अंथरून गाडीखाली. जीपला पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना ताकद जाते, म्हणून गिअरबॉक्सच्या पाठीला आणखी एक छोटा गिअरबॉक्स चिकटलेला. त्यावरच हँडब्रेकचा ड्रम. दोन्हीकडचे जॉइंट सोडवायचे, मीटरची केबल काढायची, आतून पायाखालचा पत्रा उचलून गिअरच्या दांड्या उपटायच्या. मग खालचा आडवा पट्टा सोडवण्याआधी सगळ्या ओझ्याखाली जॅक लावायचा. इथे कौशल्य आहे. गिअरबॉक्सचा पुढचा दातेरी शाफ्ट क्लचप्लेटच्या पोटात घुसलेला असतो. सगळे बोल्ट काढल्यावर गिअरबॉक्स सरळ मागे ओढला तर तो सुटतो. जरा खाली लोंबू दिला तर त्याचा सगळा भार त्या शाफ्टवर येतो आणि प्लेट वाकते. वाकलेली प्लेट नंतर बसते, गाडी सुरूही होते, पण क्लच धरताना थरथरते. गिऱ्हाईक महिन्याभराने परत येते. म्हणून गिअरबॉक्सच्या दोन बाजूंना दोघे आणि मागे एक, असे तिघे एका आवाजावर श्वास धरून ओढत. 'बिस्मिल्ला' हा तो आवाज. खालचा हिंदू पोट्टाही त्याच आवाजावर जोर लावी. त्यात त्याला किंवा उस्तादला वेगळे काही वाटत नसे.

मग इंजिन. दीडशे किलोच्या वर वजनाचे ओतीव लोखंड. पूर्वी कडुलिंबाच्या जाड फांदीला दोर टाकून किंवा तीन बल्ल्यांची तिकटी उभी करून ते वर घेत. नंतर चेन कुप्पी आली. साखळी कुठे बांधायची यावर सगळे अवलंबून. तोल जरा चुकला की इंजिन नाक खाली करते आणि तेलाची टाकी पुढच्या ॲक्सलवर आदळते. फौंडेशनचे रबर सुटले की इंजिन किंचित हलते. मिस्त्री एक हात त्यावर ठेवून दुसऱ्या हाताने इशारा करतो : दोन कड्या वर, थांब, पुढे. पूर्ण वर आले की इंजिन हलवत नाहीत. चार माणसे गाडीच मागे ढकलतात. इंजिन हवेत एकटे लोंबकळते आणि खाली पोकळी दिसते, तीस वर्षांचे ग्रीस, माती, उंदराने आणलेला कापूस. एफसीसारख्या गाडीत हे सगळे दुप्पट कठीण. तिचे इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मध्ये झाकणाखाली. वरून ओढायला केबिनचे छप्पर आड येते.

उतरवणे सोपे वाटावे असे काम पुढे असे. डिझेल इंजिनाचे आणि जीपच्या गिअरबॉक्सचे तोंड जुळत नाही. लेथवाल्याकडून जाड पोलादी प्लेट कापून घ्यायची, एका बाजूला इंजिनची भोके, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. दोघांचे मध्य केसभरही इकडे-तिकडे चालत नाहीत. हे मोजायला यंत्र नव्हते. एक जुना शाफ्ट घालून, इंजिन हाताने फिरवून, बोटाने धक्का लागतो का पाहायचे. डिझेल जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवायचा. डिझेलचे हादरे जास्त, म्हणून फौंडेशनला जाड रबर आणि चेसिसच्या तड्यांवर नजर. पेट्रोल इंजिन चार हजार फेऱ्यांपर्यंत जाई, डिझेल त्याच्या कितीतरी आधी दम टाकी. वेग घटे, ओढ वाढे. शेतकऱ्याला ओढच हवी होती. आणि एक गंमत. जुन्या जीपचे पाणी पुसणारे वायपर इंजिनने ओढलेल्या हवेवर चालत. डिझेल इंजिनात तशी ओढ तयारच होत नाही. त्यामुळे डिझेल चढले की वायपर मुके. पहिल्या पावसात मालक तक्रार घेऊन येई आणि मिस्त्री त्याच्या हातात तंबाखूची पुडी देई, ओली करून काचेवर चोळायला.

पान्यांचीही तीच कथा. अमेरिकन गाडीचे बोल्ट इंचात. मिस्त्री ते सूतांत मोजतात, आठ सूत म्हणजे एक इंच. प्यूजोचे इंजिन मिलिमीटरमध्ये. एका गाडीत पुढे चौदा-पंधराचा पाना चाले आणि हातभर मागे गेले की ९/१६ चा लागे. घाईत इंचाच्या नटावर मिलिमीटरचा पाना लावला की नटाच्या कडा गोल. हा फरक पोट्ट्याला अंधारात बोटाने कळला की तो मिस्त्री व्हायला लागला असे समजत.

शागिर्दीची रीत सांगायला हवी. पहिले वर्ष रॉकेलच्या ट्रेमध्ये सामान धुणे आणि चहा आणणे. मग टायर, मग पाटे, मग गाडीखाली गिअरबॉक्सला हात. इंजिनच्या आत हात घालायला पाच-सहा वर्षे. शुक्रवारी गॅरेज बंद, रविवारी चालू. गावातले सगळे मोटारवाले आपले वेळापत्रक त्यानुसार लावत. रमजानमध्ये काम तरावीहनंतर रात्री. दसऱ्याला पाने धुऊन पुसून ओळीने मांडले जात, गाडीवाला येऊन त्यांना हळद-कुंकू वाही, हार घाली, आणि मिस्त्री बाजूला उभा राहून नारळाचा तुकडा घेई. ज्यांना हे आज शिर्क किंवा लांगूलचालन वाटते त्यांच्याशी आम्ही इथे वाद घालत नाही. असे होत होते एवढे नोंदवतो.

पण या सगळ्याचे गोडवे गाऊन थांबणे आम्हाला मान्य नाही. आपल्या समाजात 'हुनर' या शब्दाचे फार कौतुक होते. हुनर असेल तर भाकरी मिळते हे खरे. दहा वर्षांच्या पोराच्या हातात पाना देऊन आपण त्याची शाळा बंद केली, हेही तितकेच खरे. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यात मुसलमान कामगारांपैकी ६१ टक्के स्वयंरोजगारावर असल्याचे आणि वाहनदुरुस्तीच्या धंद्यात त्यांचे प्रमाण लक्षणीय असल्याचे दिसले. स्वयंरोजगार हा शब्द ऐकायला स्वाभिमानी आहे. त्याचा गॅरेजातला अर्थ असा की कंबर गेली की उत्पन्न गेले. पेन्शन नाही, फंड नाही, आजारपणाची रजा नाही. इंजिन ओढताना सरकलेला मणका कोणत्याच आकडेवारीत येत नाही.

आणि कागद. गाडीच्या आरसी बुकात दोन नंबर असतात, चेसिसचा आणि इंजिनचा. इंजिन बदलले की दुसरा नंबर बदलतो, म्हणजे परवानगी आणि नोंद आली. १९३९ च्या जुन्या मोटार कायद्याखालीही बदल कळवावा लागे. १९८८ च्या कायद्यात कलम ५२ आले. काहींनी रीतसर नोंद केली. पुष्कळांनी केली नाही, कारण आरटीओचे कार्यालय जिल्ह्याच्या गावाला, दिवस मोडायचा, आणि जुन्या बाजारातल्या इंजिनाचे बिल कोणाकडे असणार? गाडी मालकाची, फायदा मालकाचा. पण बिलाशिवाय इंजिन ज्याच्या अंगणात सापडे त्याच्याकडे आधी पोलीस जात. चोरीचा माल बाळगल्याचे कलम ४११ कित्येक मिस्त्रींना कायद्याचे पुस्तक न वाचता पाठ होते. यात धर्म किती आणि गरिबी किती हे वेगळे करून दाखवणे अवघड. तरी गावात चोरीच्या गाडीची बातमी आली की पहिली चौकशी कोणत्या मोहल्ल्यात होते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

१९८६ मध्ये टाटाची ४०७ आली, १९८८ मध्ये २०६ ही पिकअप. काळी-पिवळी जीपांनी खेडोपाडी माणसे कोंबून न्यायला सुरुवात केली. आर्णीच्या बाबा कंबलपोष यांच्या यात्रेला आलेली निम्मी गर्दी याच गाड्यांतून उतरे. या सगळ्या गाड्या जन्मतःच डिझेल. आता इंजिन उतरे ते बदलायला नव्हे, बोअर करून पुन्हा बांधायला. १५ एप्रिल १९९४ रोजी शकुंतलेचे १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिनही उतरले आणि तिला डिझेल लागले. त्याची बातमी झाली, फोटो छापून आले. आमच्या मिस्त्रींनी तेच काम त्याआधी वीस वर्षे रस्त्यावर केले होते.

२००० मध्ये कलम ५२ कडक झाले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही, असे बजावले. २००५ मध्ये टाटा एस आली आणि खेडा खरेदीचा कापूस, भाजी, सिलिंडर तिच्यावर गेले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. इंजिनात पाना लावण्याआधी संगणक लावावा लागतो. कंपनीच्या वर्कशॉपला आयटीआयचे प्रमाणपत्र हवे, आयटीआयला शाळेचे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये पारंपरिक कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना काढली. तिच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, हातोडी आणि अवजारे बनवणारा आहे. ती हातोडी वापरणारा मोटार मिस्त्री नाही. साठ-सत्तर वर्षांची परंपरा बहुधा परंपरा ठरायला कमी पडली असावी.

हर्रासही संपला. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या भंगार केंद्रात कापल्या जातात. बाभळीखालची ओळ आता लागत नाही.

याच काळात उलटी मागणी मात्र सुरू झाली आहे. जुन्या विलिस जीपांचे शौकीन मोठ्या शहरांतून फिरतात आणि डिझेल बसवलेली गाडी विकत घेऊन तिला मूळचे पेट्रोल इंजिन परत लावू पाहतात. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. उतरवलेल्या 'हरिकेन'ला त्यामुळे किंमत आली आहे. पण बहुतेक इंजिने केव्हाच किलोवर विकली गेली, ओतशाळेत वितळली. काही वर्षानुवर्षे गॅरेजाच्या मागे पडली होती, कोणी त्यांना साखळी बांधून फाटकाचे वजन केले, कोणी त्यांच्यावर बसून चहा प्यायले. शौकीन येतात तेव्हा म्हातारे मिस्त्री त्यांना मागच्या अंगणात नेतात, पायाने गवत बाजूला करतात, आणि ब्लॉकवरची माती बोटाने खरवडून नंबर वाचता येतो का ते पाहतात.